तापाच्या साध्या गोळीवर उतारा : आपल्या तालुक्यात मिळतो का?

मोहोर · सोमवार, रात्री ९.२०

मंडळी, जरा लांबलचक लिहिते, पण विचारायचंच आहे.

आम्ही गुहागर तालुक्यातले. ऐन आंब्याच्या दिवसांत, पेट्या भरायची घाई चालू असताना आमच्या काकांची दाढ ठणकायला लागली. दाताचे डॉक्टर आमच्या बाजूला ठरावीक वारीच येतात, आणि झाडावरचा आंबा काही त्यांच्या वाराची वाट बघत नाही. काकांनी डोलो ६५० सुरू केली. अंग मोडून येतंय म्हणून जोडीला घरातली सर्दीची गोळी. शिवाय शेजाऱ्यांनी "दाढेवर हीच लागू पडते" म्हणून दिलेली तिसरी. चावायला येत नव्हतं, त्यामुळे पोटात फक्त पेज आणि चहा. मग उलट्या सुरू झाल्या. आम्ही म्हटलं पित्त झालं असेल, कोकम सरबत दिलं.

शेवटी चिपळूणला नेलं. रक्तात एसजीपीटी (लिव्हर बिघडलं की चढतो तो आकडा) चार आकडी! डॉक्टरांनी दारूचं विचारलं, आधी कावीळ झाली होती का विचारलं, आणि मग म्हणाले, "गोळ्यांची पाकिटं दाखवा." मी भावाला फोन करून टेबलाचा खण पालथा घालायला लावला, फोटो मागवले. तिन्ही पाकिटांवर बारीक अक्षरात पॅरासिटामोल! लगेच सलाइनमधून 'एन-ॲसिटाइलसिस्टीन' नावाचं औषध लावलं. काका आता घरी आहेत, आकडे उतरतायत.

माझे प्रश्न : पॅरासिटामोल ही सगळ्यात निरुपद्रवी गोळी ना? मग तिच्यावर उतारा लागतोच कसा? आणि फुरसं चावलं तर लस आरोग्य केंद्रात मिळते, तसा हा उतारा मिळतो का, की घाट चढून जावं लागतं?

मुंबईचा_चाकरमानी · सोमवार, रात्री ९.३४

बापरे. माझ्या बॅगेत कपडे कमी आणि डोलो जास्त असतात. गणपतीत येताना बारा तास एसटीत बसल्यावर तीच आमची प्रसादाची गोळी.

घाटपांडी · सोमवार, रात्री ९.५१

काकांना बरं वाटतंय हे चांगलं झालं. पण धाग्याचं नाव वाचून लोक उगाच घाबरतील. सगळा देश करोनात डोलो खाऊन बसला, काही झालं का? माझे आजोबा वर्षानुवर्षं रोज एक क्रोसिन घेत होते, नव्वदीपर्यंत जगले. काकांना दुसरंच काहीतरी झालं असेल आणि नाव गोळीवर गेलं असेल.

तिरफळ · सोमवार, रात्री १०.०५

आमच्या आजयेचा डोक्या दुखूक लागला की ती कपाळार सुंठ उगाळून लावी. आता सून कपाळाक हात लावच्या आधी गोळी हातार ठेवता. पण दाढ दुखली की सुंठ लावून गप बसणारो माणूस माका दाखवा!

गोळीवाला_कुडाळ · सोमवार, रात्री १०.२२

मेडिकल दुकान चालवतो, म्हणून लिहितो.

घाटपांडी, तुमच्या आजोबांची एक क्रोसिन आणि मोहोरच्या काकांचा हिशोब यात फरक आहे. डोलो ६५० दिवसाला चार धरल्या तरी २६०० मिलीग्रॅम. सर्दीच्या गोळ्यांत साधारण ३२५ ते ५०० पॅरासिटामोल असतं, ५०० वाली तीनदा घेतली तर १५००. आणि 'दाढेवरची' म्हणजे बहुधा ॲसिक्लोफेनॅक या वेदनाशामकाची असणार, तिच्यात पॅरासिटामोल ३२५, तीनदा म्हणजे ९७५. बेरीज ५०७५. धडधाकट प्रौढ माणसाला दिवसाची कमाल मर्यादा ४००० आहे. काकांनी प्रत्येक गोळी वेगवेगळी धरली तर "तीन-चारच घेतल्या" हे खरंच आहे. घोळ बेरजेत झाला.

गिऱ्हाईक काउंटरवर येऊन "तापाची द्या, अंगदुखीची द्या, सर्दीची द्या" असं म्हणतं तेव्हा मी तिन्ही पाकिटं उलटी करून ओळ दाखवतो. निम्मे लोक म्हणतात, "नाव वेगळं आहे ना, मग झालं."

मोहोर · सोमवार, रात्री १०.३०

@गोळीवाला, बरोबर ओळखलंत. ॲसिक्लोफेनॅकचीच होती.

डॉ_सड्यावरचा · सोमवार, रात्री ११.१०

ओपीडी संपवून आत्ता वाचतोय. मी रत्नागिरी जिल्ह्यात फिजिशियन आहे.

आधी घाटपांडींना : तुमचं निम्मं बरोबर आहे. मापात घेतली तर ही खरोखरच सुरक्षित गोळी आहे. डेंग्यूत तर हीच घ्यायची असते, ब्रुफेन किंवा ॲस्पिरिन नाही, कारण त्यांनी रक्तस्रावाची भीती वाढते. म्हणून हा धागा वाचून कोणी पॅरासिटामोल टाकून ब्रुफेनकडे वळू नका.

आता काकांच्या लिव्हरमध्ये काय झालं ते. पॅरासिटामोलचा बराचसा भाग लिव्हर दुसऱ्या रसायनांना जोडून लघवीवाटे बाहेर काढतं. थोडा भाग वेगळ्या वाटेने जातो आणि त्याचं एक विषारी द्रव्य बनतं, त्याचं छोटं नाव नॅपक्वी. लिव्हरमध्ये ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ असतो, तो या नॅपक्वीला तिथल्या तिथे निष्प्रभ करतो. गोळी मापात असेल तर कोणाला काही कळतही नाही. मात्रा वाढली की पहिली वाट भरून जाते, जास्त माल दुसऱ्या वाटेने जातो आणि ग्लुटाथायोनचा साठा संपतो. मग नॅपक्वी लिव्हरच्या पेशींनाच चिकटतं आणि त्या मरायला लागतात.

काकांचं पोट रिकामं होतं, हे इथे महत्त्वाचं. उपाशी माणसाचा ग्लुटाथायोनचा साठा आधीच कमी असतो. रोज दारू पिणारे, खूप अशक्त माणसं, टीबीचं आयसोनियाझिड किंवा फिटची काही औषधं घेणारे, या सगळ्यांना धोका लवकर येतो. त्यांच्यासाठी चार ग्रॅमसुद्धा जास्त. मी दोन-तीन ग्रॅमवर थांबवतो.

एन-ॲसिटाइलसिस्टीन, आम्ही नॅक म्हणतो, शरीराला ग्लुटाथायोन बनवायचा कच्चा माल पुरवतं. उतारा तो एवढाच. औषध तसं जुनं आहे, कफ पातळ करायला १९६० च्या दशकापासून वापरतात. पॅरासिटामोलने लिव्हर मरतं हे १९६६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलं, कसं मरतं ते १९७३ च्या सुमारास अमेरिकेत उलगडलं, आणि १९७७ मध्ये एडिनबरोच्या प्रेस्कॉट यांनी नॅक शिरेतून देऊन गुण येतो हे दाखवलं.

हर्णैकर · मंगळवार, सकाळी ६.१५

डॉक्टर, मी माझ्या भाषेत सांगतो, चुकलं तर कान धरा. होडी मासळी घेऊन आली, बंदरावर बर्फ आहे तोवर मासळी टिकते. एका दिवशी चार होड्या एकदम लागल्या की बर्फ पुरत नाही आणि माल खराब व्हायला लागतो. नॅक म्हणजे बर्फाची गाडी. बरोबर?

डॉ_सड्यावरचा · मंगळवार, सकाळी ७.४०

आता ओपीडीत हेच सांगणार! यात अजून एक भर घाला. बर्फाची गाडी वेळेत आली तर सगळा माल वाचतो, उशिरा आली तर खराब झालेली मासळी ताजी होत नाही, पण उरलेली वाचते. गोळ्या घेतल्यापासून आठ तासांच्या आत नॅक सुरू झालं तर लिव्हरला गंभीर इजा होण्याची शक्यता फार कमी राहते. त्यानंतर प्रत्येक तासाला फायदा घटत जातो. तरी लिव्हर बिघडल्यावरही नॅक देतात, त्याने जगण्याची शक्यता वाढते हे १९९१ साली लंडनमध्ये दाखवलं गेलं आहे. काकांना उशिरा मिळालं आणि तरी फायदा झाला तो याचमुळे.

काजूबी · मंगळवार, सकाळी ९.०५

मी निवृत्त शिक्षक. आमच्या गावात कावीळ झाली की भुईआवळ्याचा रस देतात, शेकडो माणसं बरी झालेली मी बघितली आहेत. लिव्हरचंच दुखणं ना हे? मग एवढी इंजेक्शनं कशाला? आपल्या मातीतल्या औषधाला कोणी विचारतच नाही.

घाटपांडी · मंगळवार, सकाळी ९.२०

सर, आमच्याकडे माळ घालतात. कावीळ उतरली की माळ मोठी होते म्हणे. माळ वाढते हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मुंबईचा_चाकरमानी · मंगळवार, सकाळी ९.२६

पोटाचा घेर वाढल्यावर माळ घट्ट होते का, ते पण बघून सांगा.

डॉ_सड्यावरचा · मंगळवार, दुपारी २.०५

काजूबी सर, तुमच्या गावातली माणसं बरी झाली हे मी नाकारत नाही. पाण्यातून होणारी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए किंवा ई, बहुतेक लोकांत आराम आणि नीट खाणंपिणं यानेच काही आठवड्यांत उतरते. त्या काळात जे दिलं असेल त्याला श्रेय मिळतं. इथे आठवडे नसतात, तास असतात. ग्लुटाथायोन भरून काढायला कुठल्या पाल्याचा रस पुरा पडतो याचा पुरावा माझ्याकडे नाही. उलट काही झाडपाल्यांचा लिव्हरलाच त्रास होतो, आणि असे रुग्ण मी पाहिले आहेत.

आपल्याकडे अजून एक गुंता आहे. लावणीच्या दिवसांत चिखलात उभं राहून ताप आला तर तो लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असू शकतो. लेप्टोतही डोळे पिवळे होतात, तेव्हा लिव्हर गोळ्यांनी बिघडलं की लेप्टोने, हे घरी कळायला मार्गच नाही. पावसाळ्यात ताप दोन दिवसांच्या वर गेला तर गोळ्यांवर दिवस काढू नका. आरोग्य केंद्रात जा.

काजूबी · मंगळवार, दुपारी ३.१२

तासांचा मुद्दा पटला. पाण्याच्या काविळीबद्दल माझं मत तसंच आहे, त्यावर वेगळा धागा काढतो.

सिस्टर_चिपळूण · मंगळवार, संध्या. ६.४५

मी अतिदक्षता विभागात काम करते. नॅक देताना काय होतं ते लिहिते, कारण नातेवाईक दचकतात.

पहिली गोष्ट म्हणजे वास. कुपी फोडली की सडक्या अंड्याचा भपकारा येतो. औषधात गंधक असतं, म्हणून तो वास. "सिस्टर, औषध खराब झालंय" असं मला कित्येकांनी सांगितलंय. खराब झालेलं नसतं, ते तसंच असतं.

नेहमीची पद्धत तीन बाटल्यांची. वजनाप्रमाणे पहिला मोठा डोस २०० मिली ग्लुकोजमध्ये एका तासात, दुसरा ५०० मिलीत चार तासांत, तिसरा लिटरभर बाटलीत सोळा तासांत. असे एकवीस तास. मोहोर म्हणतेय ते सलाइन हेच. पहिल्या बाटलीत काही जणांच्या मानेवर, छातीवर लालसर चट्टे येतात, खाज सुटते, क्वचित दमही लागतो. आमच्या एका रुग्णाच्या मुलाने ते बघून "आईला रिॲक्शन आली, बंद करा" म्हणून गोंधळ घातला होता. आम्ही बाटली थांबवतो, खाजेचं इंजेक्शन देतो, आणि बरं वाटलं की हळू वेगाने पुन्हा लावतो. ही बहुतेक वेळा खरी ॲलर्जी नसते, औषध पटकन आत गेल्याने होते. दम्याच्या रुग्णांवर जास्त लक्ष ठेवतो. चट्टे आले म्हणून उतारा कायमचा बंद करणं महागात पडू शकतं.

मोहोर · मंगळवार, संध्या. ७.२०

सिस्टर, काकांच्या मानेवर आलेच होते चट्टे! काकू तर म्हणाल्या कोणाची तरी दृष्ट लागली.

तिरफळ · मंगळवार, संध्या. ७.३१

मिरची-मीठ ओवाळून टाकल्यानी ना? मग सगळो गुण त्येचो.

आशाताई_राजापूर · मंगळवार, रात्री ८.५०

मी आशा सेविका. धाग्याच्या विषयाला थोडं सोडून लिहिते, पण लिहायलाच हवं.

काकांना कळत नव्हतं. पण जाणूनबुजून गोळ्या घेणारेही असतात. आमच्या भागात एका मुलीने निकाल लागल्यावर घेतल्या होत्या. संध्याकाळी ती चांगली बोलत होती, थोडी मळमळ होती एवढंच. घरचे म्हणाले, "बघा, काही झालं नाही, कशाला गावभर करायचं? आणि पोलीस येतील." मी आणि आमच्या मॅडमनी हट्ट धरून तिला १०८ ने पाठवलं. ती आज कॉलेजला जाते. डॉक्टर, तो पहिला दिवस शांत का जातो ते सांगाल का? घरच्यांना समजावताना मला तेच अवघड जातं.

अंगणवाला (संपादक) · मंगळवार, रात्री ९.००

सर्वांना विनंती : 'किती गोळ्यांनी काय होतं' असे आकडे या धाग्यावर कोणीही लिहू नयेत. एक प्रतिसाद काढून टाकला आहे. गोळीवाला यांची बेरीज चुकून होणाऱ्या जादा डोसबद्दल आहे, म्हणून ठेवली आहे.

डॉ_सड्यावरचा · मंगळवार, रात्री १०.१५

ताई, तुम्ही हट्ट धरलात म्हणून ती मुलगी वाचली.

पहिला दिवस फसवा असतो. पॅरासिटामोलने झोप येत नाही, शुद्ध जात नाही. थोडी मळमळ, उलटी, घाम, नाहीतर काहीच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उजव्या बरगडीखाली दुखतं, तोवर एसजीपीटी चढायला लागलेलं असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गाडी सगळ्यात खाली जाते : कावीळ, रक्त न गोठणं, बरळणं. म्हणजे माणूस ठीक दिसत असतो तेव्हाच उतारा सगळ्यात जास्त उपयोगी पडतो, आणि नेमके त्याच वेळी घरचे त्याला घरी ठेवतात.

घरी मीठपाणी पाजून उलटी काढू नका. त्याने रक्तातलं मीठ वाढून वेगळाच जीवघेणा प्रकार होतो. दूध, तूप, ताक यांनीही काही साधत नाही. पाकिटं, रिकामे पत्ते, आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ती वेळ, एवढं घेऊन निघा. सुरुवातीच्या एक-दोन तासांत पोचलात तर डॉक्टर कोळशाची पूड पाजू शकतात, ती गोळी पोटातच धरून ठेवते. चार तासांनी रक्तातली पातळी तपासतात आणि ती १९७५ साली रुमॅक आणि मॅथ्यू यांनी केलेल्या आलेखावर लावून नॅक द्यायचं की नाही ते ठरवतात. ही तपासणी जिथे होत नाही तिथे सांगितलेल्या माहितीवरच सुरू करतात, थांबत नाहीत. काकांसारख्यांना, ज्यांनी थोड्या थोड्या करून जास्त घेतल्या, तो आलेख लागूच पडत नाही. तिथे एसजीपीटी आणि आयएनआर (रक्त गोठण्याचा आकडा) बघतात.

पोलिसांबद्दल : रुग्णालयात नोंद होते, ती ठरलेली पद्धत आहे. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, याच्या कलम ११५ प्रमाणे असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याला शिक्षा होत नाही. नोंदीच्या भीतीने कोणाला घरी ठेवू नका. आणि कोणाच्या मनात असे विचार येत असतील तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आशाताई_राजापूर · मंगळवार, रात्री १०.४०

'ठीक दिसतो तेव्हाच उपयोग जास्त' हे वाक्य वहीत लिहून घेतलं. उद्याच्या बैठकीत सांगते.

हर्णैकर · बुधवार, पहाटे ५.५०

एक प्रामाणिक प्रश्न. आमच्याकडे होडीवरून आल्यावर पोरं रात्री बसतात आणि सकाळी डोकं धरलं की दोन-दोन डोलो मारतात, बंदी म्हटली तर ऐकणार नाहीत. काय सांगू त्यांना?

डॉ_सड्यावरचा · बुधवार, सकाळी ८.१०

कधीतरी बसणाऱ्याने सकाळी जेवून एक गोळी घेतली तर डोंगर कोसळत नाही. रोज पिणाऱ्याचं गणित वेगळं आहे. दारूने विषारी वाट रुंद होते, ग्लुटाथायोन कमी होतं, आणि वर सकाळी कोणी जेवत नाही. त्यांना सांगा : आधी पाणी, मग पेज-भाकर, आणि गोळी घेतलीच तर एक. दोन-दोन रोज घेत असतील तर लिव्हरची तपासणी करून घ्या, लाजायचं कारण नाही.

घाटपांडी · बुधवार, सकाळी ९.४५

मी आधी "घाबरवू नका" म्हणालो, ते अजूनही म्हणतो. पण पाकीट उलटं करून बघायला हरकत नाही. आमच्या घरी चार वेगवेगळ्या नावांच्या गोळ्या निघाल्या, त्यातल्या तीन गोळ्यांत हेच! इंग्लंडमध्ये १९९८ पासून दुकानात एका वेळी सोळाच मिळतात म्हणे, मेडिकलमध्ये बत्तीस. आपल्याकडे टपरीवरसुद्धा पत्ता मिळतो.

गोळीवाला_कुडाळ · बुधवार, सकाळी १०.३०

खरं आहे. तिकडे त्या नियमानंतर मृत्यू घटल्याचे अभ्यास आहेत. इकडे नियम आला तरी टपरीवाला पाळेल असं मला वाटत नाही, पण माझ्या काउंटरवर तरी मी विचारतो.

आता मोहोरच्या मूळ प्रश्नाकडे, तो मध्येच राहिला. नॅक मिळतं का? नॅकची इंजेक्शनं जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहेत आणि आपल्या राष्ट्रीय यादीतही. छातीचे डॉक्टर कफासाठी लिहून देतात म्हणून तालुक्याच्या मोठ्या मेडिकलमध्ये थोड्या कुप्या असतात. अडचण संख्येची आहे. एका कुपीत ५ मिली, म्हणजे एक ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला एकवीस तासांत मिळून १८ ग्रॅम लागतात, म्हणजे १८ कुप्या. एवढा साठा छोट्या ठिकाणी सहसा पडून नसतो. माझ्याकडे पाच-सहा असतात. मागे एकदा रात्री सावंतवाडीपर्यंत तीन दुकानं फिरून कुप्या गोळा करून दिल्या होत्या.

मुंबईचा_चाकरमानी · बुधवार, सकाळी ११.०५

त्या पाण्यात फसफसणाऱ्या नॅकच्या गोळ्या मिळतात ना? घरात ठेवल्या तर? शंका आली की ग्लासात एक टाकली, काम झालं.

डॉ_सड्यावरचा · बुधवार, दुपारी २.३०

नको. तोंडावाटे नॅकही गुणकारी आहे, वेळेत दिलं तर शिरेतून दिल्यासारखंच काम करतं. पण ती फसफसणारी गोळी ६०० मिलीग्रॅमची असते, आणि साठ किलोच्या माणसाला पहिला डोसच ८.४ ग्रॅम, म्हणजे अशा १४ गोळ्या एकदम. नंतर दर चार तासांनी निम्मा डोस, असे सतरा. शिवाय त्या वासाने निम्मे लोक उलटी करतात. ग्लासात एक टाकून "काम झालं" असं वाटणं हाच धोका आहे, कारण मग माणूस रुग्णालयात जातच नाही.

मात्र हीच माहिती ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या कामाची आहे. कुप्या नसतील आणि रुग्ण शुद्धीवर असेल, उलट्या होत नसतील, तर पहिला डोस तोंडाने देऊन मग पुढे पाठवता येतं. पावसात घाट बंद पडला तर हे तास मोलाचे. आणि कुठल्याही विषाबद्दल सल्ला हवा असेल तर दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र रात्रंदिवस फोनवर असतं : १८०० ११६ ११७. डॉक्टरही विचारतात, मीही विचारलं आहे.

मोहोरने फुरशाचा दाखला दिला, तो चांगला आहे. सापाची लस आरोग्य केंद्रात असते कारण आपण पिढ्यान्‌पिढ्या ती मागतो. लाल विंचवावर प्राझोसिन चालतं हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी इथल्याच रुग्णांवर दाखवलं, तोवर त्या दंशाने पोरं दगावत होती. आज आडगावातल्या केंद्रातही ती गोळी माहीत आहे. नॅकलाही तशी मागणी हवी.

सिस्टर_चिपळूण · बुधवार, संध्या. ५.४०

मागणी म्हणजे काय करायचं तेही सांगते. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाच्या औषध भांडारात विचारायचं, आणि रुग्ण कल्याण समितीत गावचे सदस्य असतात त्यांना विषय मांडायला सांगायचं. नुसतं फेसबुकवर ओरडून कुप्या येत नाहीत.

मोहोर · बुधवार, रात्री ९.१५

सगळ्यांचे आभार. आमच्या समितीतले सदस्य भावाच्या ओळखीचे आहेत, त्यांना सिस्टरांचा प्रतिसाद पाठवला. ते म्हणाले, "नाव लिहून द्या, उच्चार जमत नाही." लिहून दिलं.

काकांचा आयएनआर १.३ वर आलाय. दाढ मात्र अजून तशीच आहे, दाताचे डॉक्टर म्हणतात रक्त गोठण्याचा रिपोर्ट नॉर्मल येईतो काढणार नाही.

डॉ_सड्यावरचा · बुधवार, रात्री ९.४०

त्यांचं बरोबर आहे. तोवर दुखण्यावर काय घ्यायचं ते चिपळूणच्या डॉक्टरांनाच विचारा, शेजाऱ्यांना नको.

साळुंकी · गुरुवार, रात्री १२.२०

आजवर फक्त वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. माझं बाळ आठ महिन्यांचं, वजन आठ किलो. ताप आहे. घरात पॅरासिटामोलच्या दोन बाटल्या आहेत, एक ड्रॉप्स आणि एक सिरप. दोन्हींवर बाळाचंच चित्र. सासूबाई म्हणतात दोन्ही एकच, कुठल्यातलंही पाच मिली दे. एकच आहे का?

गोळीवाला_कुडाळ · गुरुवार, रात्री १२.२६

थांबा! एकच नाही. ड्रॉप्स बहुतेक १०० मिलीग्रॅम प्रति मिली असतात. साधं सिरप १२० किंवा १२५ मिलीग्रॅम प्रति ५ मिली. म्हणजे ड्रॉप्स चौपट तीव्र. ड्रॉप्समधून पाच मिली दिलं तर ५०० मिलीग्रॅम बाळाच्या पोटात जाईल. बाटलीवर 'प्रति मिली' आहे की 'प्रति ५ मिली' ते वाचून इथे लिहा.

साळुंकी · गुरुवार, रात्री १२.३१

ड्रॉप्सवर १०० मिग्रॅ प्रति मिली. सिरपवर २५० मिग्रॅ प्रति ५ मिली. अजून काहीच दिलेलं नाही.

डॉ_सड्यावरचा · गुरुवार, रात्री १२.३८

जागाच होतो. बाळांना एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलीग्रॅम, म्हणजे आठ किलोला ८० ते १२० : तुमच्या ड्रॉप्सचा एक मिली, ड्रॉपरवरची खूण बघून. चमचा वापरू नका. पुन्हा लागलं तर सहा तासांनी, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. तुमचं सिरप साध्या सिरपच्या दुप्पट ताकदीचं आहे, ते मोठ्या मुलांचं. बाजूला ठेवा. बाळ दूध पीत नसेल, सुस्त पडलं असेल किंवा श्वास जोरात चालू असेल तर सकाळची वाट न बघता आत्ता न्या. नाहीतर सकाळी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

साळुंकी · गुरुवार, रात्री १२.५५

एक मिली ड्रॉपरने दिलं. दूध पितोय. सिरपची बाटली कपाटात वर ठेवली, तिच्यावर पेनने 'मोठ्यासाठी' लिहिलं. सासूबाईंना धागा वाचून दाखवला. त्या विचारतायत, डॉक्टरांचा दवाखाना कुठे आहे आणि गुडघ्याला काय चालतं.